मापाच्या वहीतलं पान

धान कापणीला आलं की भोंगे येतात. विधानसभेची निवडणूक आमच्याकडे याच दिवसांत पडते. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कापलेले कडपे आडवे पडलेले असतात, सकाळी त्यांच्यावर दंव असतं, बायका कमरेत वाकून पुढे सरकत असतात, आणि पलीकडच्या रस्त्याने टपावर भोंगा बांधलेला ऑटो जातो. त्यातलं गाणं हिंदी, घोषणा मराठी, आणि चालवणारा छत्तीसगढी. बायकांपैकी कोणी मान वर करत नाही. विळ्याची लय तुटली की बोट जातं.

माझं शिवणकामाचं दुकान कोहमाऱ्याच्या चौफुलीवर आहे. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, फॉल-पिको. घर आत, जंगलाकडच्या गावात. आठवणी काढत बसायला मला वेळ नसतो, आणि तशी हौसही नाही. पण भोंग्यांच्या या तीन आठवड्यांत माझं काही खरं नसतं. शेजारच्या ढाब्यावर स्टीलच्या थाळ्या एकमेकींवर आपटल्या की मशिनीच्या चाकावरचा हात आपोआप थांबतो. मागे वळून बघते. ढाब्यावरचा माणूस थाळ्या धुवत असतो, बस. तरी मी बघते.

आज सकाळी दिनूभाऊ आले. येणार हे माहीत होतं. पंधरा-वीस वर्षं या पट्ट्यातली मतं तेच सांभाळतात. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात एका पक्षाचा दुपट्टा होता, आज दुसऱ्याचा आहे. माणूस तोच. राईस मिलवाल्या घरातला, हसरा, कोणाच्याही दारात चप्पल काढून बसणारा.

"क्या ताई, मशीन अजून चालूच!" म्हणाले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. "यंदा तुमच्या बाया कोणाकडे?"

"माझ्या कोणत्या बाया?"

"मजाक करता का? आडव्या बाटलीवाल्या."

मी सुईत दोरा ओवत राहिले. चष्मा असूनही तो दोन वेळा चुकला.

मी एकदा एका बाईला एक शब्द दिला होता. त्यानंतर काही महिन्यांनी याच माणसाला एक कागद दिला. शब्द राहिला नाही. कागद मात्र जिथे पोचायचा तिथे बरोबर पोचला.

त्या बाईचं नाव फुलाबाई उईके. आमच्याच गावची, जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या टोलीवरची. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठी. तेंदूपत्ता तोडायची, मोहफुलं वेचायची, कापणीला जायची. तिचा नवरा मनीराम गावचा भुमका होता, म्हणजे टोलीच्या देवांची पूजा त्याच्या हाताने व्हायची. त्याला ती बुढा म्हणायची, अगदी त्याच्यासमोरही.

गावात तेव्हा सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. त्या दुकानाने टोलीवर काय केलं आणि आमच्या बौद्ध वस्तीत काय केलं, ते सांगत बसत नाही. सगळीकडे जे होतं तेच. फुलाबाईची सून पार्बती त्यातच गेली. नवऱ्याने ढकललं आणि ती चुलीच्या दगडावर पडली. पोलिसांच्या कागदावर ‘पाय घसरला’ असं आलं. तेरवीनंतर फुलाबाई पार्बतीची थाळी घेऊन घराबाहेर पडली. लग्नात आलेली थाळी, आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेत नाव कोरून घेतलेली. दुकानासमोर उभी राहून तिने ती दगडाने वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सांजेला चौघी आल्या. आठवड्याने आमच्या वस्तीतल्या बाया आल्या, त्यांच्यात मीही होते. रोज दिवेलागणीला अर्धा तास थाळ्या. पिणारे आत बसून शिव्या द्यायचे, पण ऐकत बाहेर निघायची त्यांना लाज वाटायची.

ते दुकान कायद्याने बंद करायचं तर गावातल्या बायकांचं मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आलेल्या मतांत जास्त पडून भागत नाही. मतदार यादीत जितक्या बायका आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही ती आपोआप दारूच्या बाजूने धरली जाते.

यादी मी हातात घेतली. मला याद्या जमतात. कोणत्या पोरीची कंबर किती आणि पुढच्या जूनपर्यंत ती किती वाढेल हे मी दोनशे पोरींचं सांगू शकते. घरोघर फिरून प्रत्येक नावापुढे लिहिलं. कामाला नागपूरला. माहेरी. अंथरुणाला. आणि नऊ नावांपुढे: मेली. नावं कमी करायला मृत्यूचा दाखला लागत होता. टोलीवरच्या म्हाताऱ्या जंगलाच्या कडेला मेल्या आणि तिथेच पुरल्या गेल्या, दाखला कोण काढणार? पार्बतीचा दाखला होता, पण अर्ज वेळेत चढला नाही. तीही यादीतच.

हे फुलाबाईला समजावून सांगायला मी तिच्या अंगणात बसले होते. तिला वाचता येत नव्हतं, पण हिशोब कळायचा.

"म्हन्जे पार्बती आली नाही तं तिचं मत दुकानाले?"

"मेलेली कशी येणार? पण कायद्याने तसंच."

तिने माझ्या हातातल्या यादीकडे बघितलं. मग म्हणाली, "जिती होती तवा दारूनं खाल्ली. अना आता मेल्यावर दारूलेच मत देऊन राहिली? असा कसा कायदा वो बाई तुमचा?"

माझा कायदा नव्हता. मी यादीची घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून तिने तिचा कायदा चालवला. एकेका मेलेल्या बाईमागे एक जिती बाई शोधायची, जी एरवी आली नसती. बोदलकशाला मासे विकायला गेलेली, नागपूरला भांडी घासणारी, सासऱ्याच्या धाकाने घरात बसलेली. तिला सांगायचं, तू झिंगूबाईच्या जाग्यावर. तू लक्ष्मीच्या. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर रांग लागली तेव्हा मी यादी घेऊन उभी होते आणि फुलाबाई रांगेच्या तोंडाशी. बाई आत जाताना ती हळूच तिच्या पाठीवर हात ठेवून नाव घ्यायची, तिचं नाही, मेलेलीचं. आमच्या घरी छप्पन सालापासून देव नाहीत आणि भुतंही नाहीत. माझ्या आजोबांनी दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देवांचे टाक गावच्या तळ्यात, बोडीत, टाकले, ते तिथेच आहेत. पण त्या रांगेत त्या दिवशी नऊ जणी जास्तीच्या होत्या, हे मी आजही कोणासमोर नाकारणार नाही.

दुकान बंद झालं.

चळवळीचं पक्ष काय करतो हे मला धानाच्या रोवणीवरून कळतं. बांधीच्या एका कोपऱ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकतात. तिथे कोणीतरी पाखरं हाकलतं, पाणी राखतं. पऱ्हे वीतभर झाले की ज्याची बांधी मोठी तो येतो, मुठीने उपटतो आणि आपल्या चिखलात लावतो. त्यात वाईट काही नाही, धान असंच होतं. पण पक्षाला वाटतं की आपण लावलं म्हणजे आपलंच बी होतं. मला वाटतं, पक्ष हरतो तो या एका समजुतीमुळे हरतो.

दिनूभाऊ मतदानानंतर तिसऱ्या दिवशी दुकानात आले होते. याच स्टुलावर बसले होते. माझं बायकांच्या यादीचं रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "मान गए ताई. प्रत्येक बाई कोठी आहे हे तुम्हाले माहीत! आमच्या पक्षाले वीस वर्षांत हे जमलं नाही." पुढे विधानसभा होती. उमेदवार गावात आला, थाळी हातात घेऊन त्याने फोटो काढला, आणि शब्द दिला की निवडून आलो तर या भागात दुसरं दुकान उघडू देणार नाही. मला ते पटलं. मी भोळी नव्हते. मला हिशोब दिसत होता. थाळ्या वाजवून एक दुकान बंद होतं, आमदार असला तर दहा होतील.

मी पक्षाचं काम करायला लागले आणि बायकांना सांगितलं. फुलाबाईला सांगायला टोलीवर गेले. मनीराम ओसरीत बसून पळसाच्या पानांचे द्रोण लावत होता.

"तुह्या म्हनन्यावर देतो मत," फुलाबाई म्हणाली. "पन एक गोस्ट आधीच बोल. आमचा देवाचा मोहो राहीन ना?"

त्यांच्या पूजेला मोहाची दारू लागते. नवं धान आलं की नव्या तांदळाचा घास आणि द्रोणभर मोह आधी देवाला, मग घरातल्या मेलेल्यांना, मग जित्यांना. त्यासाठी टोलीवर चार-पाच घरी मडकंभर मोह गाळला जायचा. विकायला नाही.

"दुकानाची बाटली येगळी अना देवाचा थेंब येगळा," मनीराम द्रोणाला काडी टोचत म्हणाला. "तुमी लोक देव मानत नाही, तुमाले सांगून काय फायदा मना."

"मी मानत नाही, तुम्ही मानता ना?" मी म्हटलं. "तुमच्या देवाच्या मोहाला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

"मोठी आली शब्द देनारी," म्हातारा हसला. पण फुलाबाई हसली नाही. तिने तो शब्द घेतला. एखादी वस्तू घेऊन आत ठेवावी तसा.

उमेदवार आला निवडून. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनीच त्याला तारला, हे दिनूभाऊंनी स्वतः सभेत सांगितलं. मग सत्कार झाला. पक्षाने बायकांना नव्या थाळ्या वाटल्या, काठावर आमदाराचं नाव. फुलाबाईने ती घेतली, उलटी करून वाजवून पाहिली आणि म्हणाली, "पतली आहे वो."

पुढच्या वर्षी पावसाळा सरताना दिनूभाऊ परत आले. आमदारांना गाव दारूमुक्त म्हणून जाहीर करायचं होतं. "दुकान तर बंद झालं ताई. आता हातभट्ट्या राहिल्या. कोणाकोणाच्या घरी मोह गाळतात, एक यादी लिहून द्या. तुमच्याइतकी पक्की यादी कोणाची नसते."

माझी मापाची वही समोर होती. गुलाबी पानांची. गोंदियाच्या छापखान्यात तेव्हा गुलाबी कागद उरलेला होता, म्हणून स्वस्तात मिळाली. वर दुकानाचं नाव, खाली छापील रकाने: उंची, छाती, कंबर, बाही. त्यातलं एक पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूला नावं लिहिली. आधी विकणारे, रस्त्याकडचे तिघं. मग टोलीवरची घरं. शेवटचं नाव मनीराम उईके.

विकणारे एकीकडे आणि देवापुरते दुसरीकडे असे दोन रकाने करायचं माझ्या मनात आलं होतं. केले नाहीत. एका नावाखाली दुसरं, एकच ओळ. तोंडी सांगू म्हटलं. आणि सांगितलंही, "दिनूभाऊ, हे खालचे देवापुरते आहेत, त्यांना फक्त समज द्यायची." ते म्हणाले, "हो हो, टेन्शन नको."

घाई होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. जून नव्हता, गणवेशांची घाई कुठली? खरं ते हे की मला मनातून वाटत होतं, थोडा धाक बसला तर बरंच आहे. आम्ही टाक बोडीत टाकले, आमचं काही अडलं नाही. यांचंही सुटेल एक दिवस. माझ्या बापाने आयुष्यभर दारूला शिवलं नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. तो अभिमान त्या दिवशी माझ्या हातात पेन धरून बसला होता.

टोलीवर धाड पडली ती सकाळी, नवं धान खाण्याच्या दिवशी. मुद्दाम तो दिवस धरला असं नाही. पण त्या दिवशी प्रत्येक मडकं भरलेलं असणार होतं. मी पोचले तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या. अंगणांत मडक्यांची खापरं, जमिनीत मुरलेला मोह, आणि त्याचा तो गोड आंबूस वास, जो एकदा कपड्यात गेला की निघत नाही. कोंबड्यांनी मडक्यांतला मोहफुलांचा ओला भरडा खाल्ला होता आणि त्या झुलत चालत होत्या. एरवी पोरं हसली असती. ओसरीत सारवलेल्या जागेवर नव्या तांदळाचा भात द्रोणात तसाच होता, शेजारचा द्रोण रिकामा. मनीरामला घेऊन गेले होते. विकणाऱ्या तिघांना कोणीतरी आधीच कळवलं होतं, ते सापडले नाहीत.

मी दिनूभाऊंना फोन लावला. "ताई, कायदा आहे," ते म्हणाले. "मी काय करू? अना यादी तं तुमचीच होती."

तिसऱ्या दिवशी म्हातारा सुटला. मी घ्यायला गेले होते, तो माझ्या गाडीवर बसला नाही. एसटीने आला.

त्या आठवड्यात फुलाबाई दुकानात आली. पहिल्यांदा आणि शेवटची. उन्हात चालत आलेली, पायांवर धूळ. मशीन चालू होती, मी थांबवली. ती मापाच्या वहीकडे बघत होती.

"पोलिसाच्या हातात असाच गुलाबी कागद होता," ती म्हणाली. "मले वाचता नाही येत. पन रंग दिसते."

ती उत्तर ऐकायला आलेलीच नव्हती. पदराने तोंड पुसलं, माठातलं पाणी मागून प्यायली आणि परत गेली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. भांडणाला शेवट असतो.

त्यानंतर मनीरामने पूजा केली नाही. मडकं ठेवायला कोणी तयार नव्हतं. पुढच्या वर्षी नवं धान टोलीवर कोरडंच खाल्लं गेलं. तो गेला तेव्हा त्याच्या मेलेल्या तोंडात घालायला थेंबभर मोह नव्हता. फुलाबाईने पाणी घातलं. आणि तोवर गावातलं बंद झालेलं दुकान गावाच्या शिवेबाहेर, हायवेला लागून पुन्हा उघडलं होतं. परवाना तोच. "गावात तं नाही ना ताई," दिनूभाऊ म्हणाले होते. ढाब्यांच्या रांगेत आहे ते. माझ्या दुकानातून त्याचा बोर्ड दिसतो.

लोकांना वाटेल की मी पक्ष सोडला असेन. सोडला नाही. बाहेर पडून काय करणार होते? आत राहून निदान टोलीचा रस्ता करून घेऊ म्हटलं, तो झालाही. आमदाराची पाच वर्षं संपली, पुन्हा कापणीत भोंगे आले, आणि मतदानाच्या दिवशी मी पक्षाची एजंट म्हणून शाळेच्या खोलीत यादी घेऊन बसले.

तो दिवस मी कोणाला सांगितलेला नाही.

प्रचारात काहीच कळलं नव्हतं. उमेदवार टोलीवर गेला तेव्हा बायकांनी हात जोडले, पाणी दिलं. "थाळ्या काढा ना मावशी," कोणीतरी ओरडलं, तर एक म्हणाली, "धुवून पालथ्या ठेवल्या जी. जेवाच्या वक्ती काढू." सगळे हसले. मीही हसले होते.

सकाळी सातला मतदानाची मशीन सुरू झाली. पुरुष आले. आमच्या वस्तीतले आले, बायकांसकट, कारण आमच्यात मत चुकवणं म्हणजे बापाचं नाव घालवणं. माझ्या वडिलांनी अंगात ताप असताना बैलगाडीत पडून जाऊन मत दिलेलं आहे. नऊ वाजले, दहा वाजले. टोलीवरच्या बायकांची रांग दिसेना. मी प्रत्येक नावावर बोट ठेवून वाट बघत होते. कौसाबाई नाही. सुगंधा नाही. बारा. आजूबाजूच्या गावांतून दिनूभाऊंचे फोन. तिथल्या टोल्यांवरही तेच.

वर्गाच्या खिडकीमागे बांधी होती. तिथे कापणी चालली होती. मी उठून बघितलं नाही, पण ऐकू येत होतं. विळे धानाच्या बुडाशी फिरले की एक आवाज होतो, खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. तीस-चाळीस विळे एका लयीत. बोलणं नाही, गाणं नाही. आणि माझ्यासमोर यादीतलं टोलीचं पान, त्यावरची एकेक जिती बाई, आणि एकाही नावावर खूण नाही. मला तो कागद मृत्यूच्या नोंदीचा वाटायला लागला. दुपारी पोलिंगवाल्या मास्तरांनी डबा उघडला तेव्हा झाकण बाकावर पडलं आणि मी दचकून उभी राहिले.

"काय झालं ताई?"

"काही नाही. कोणी आलं असं वाटलं."

मतदान संपल्यावर मी तडक बांधीवर गेले. फुलाबाई धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून पायातला काटा काढत होती. सोबतच्या बायका कडपे बांधत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागल्या.

"काऊन नाही आली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "असं मत चुकवतं का कोणी? माझ्या बापाने..."

"तुह्या बापाचं मले ठाऊक नाही," ती म्हणाली. काटा निघाला, तिने तो बघून फेकला. "तूच सांगतली होती ना, मेलेली बाई आली नाही तं तिचं मत कोनाच्या इरोधात जाते? आमी ते शिकलो."

"ते बाटलीच्या मतदानाचं होतं, फुलाबाई. या मतदानात तसं नसतं. न आलेली मोजत नाहीत."

"मोजतीन," ती म्हणाली. "दिनूभाऊ मोजन ना."

तिला नियम चुकीचा माहीत होता, आणि ती चुकली नव्हती. मतमोजणीत आमचा उमेदवार पडला. आमच्या पट्ट्यातल्या गावांनी पाडला. जिंकणाऱ्याला या गावांतून काही जास्त मिळालं नव्हतं, याला मिळायचं ते आलंच नव्हतं. दिनूभाऊ महिनाभर शोधत होते. "बाया फिरल्या ताई. कोणी फिरवल्या? कोणी साड्या वाटल्या का?" वाटल्या नव्हत्या. बैठक नाही, पत्रक नाही, नेता नाही. मी त्यांना काय सांगणार होते? की नऊ मेलेल्या बायकांनी जित्यांना शिकवलं?

मत न देणं मला पटत नाही. तेव्हा पटलं नाही, आता नाही. त्या दिवसाने टोलीचं काही भलं झालं असंही नाही. हायवेचं दुकान आहे तिथेच आहे. पण चळवळीने पक्षाला काय दिलं आणि काय काढून घेतलं, याची चर्चा टीव्हीवर चालते तेव्हा मला ते विळे ऐकू येतात. ती माणसं विचारतात, मतं कुठे गेली? कुठेच गेली नव्हती. शाळेच्या मागे होती.

फुलाबाईला जाऊन दोन वर्षं झाली. उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत. मी मातीला गेले होते. कोणी अडवलं नाही, कोणी जागाही करून दिली नाही. पार्बतीची थाळी तिच्या उशाशी होती. कोणीतरी कुठूनतरी द्रोणात मोह आणला होता. द्रोण माझ्यासमोरून पुढे गेला तेव्हा सगळ्यांच्या नजरा क्षणभर माझ्यावर थांबल्या. मी मान खाली घातली.

आज दिनूभाऊ स्टुलावर बसून मोबाईलवर यादी सरकवत होते. "ही बघा, फुलाबाई उईके. अजून नाव आहे. मेली ना? तुम्ही तं सगळ्यांचे फॉर्म भरता, हिचा काऊन राहिला?"

खरं आहे. गावात कोणी गेलं की नाव कमी करायचा फॉर्म मीच भरते. तिचा दोन वर्षांपासून ड्रॉवरमध्ये आहे. नाव लिहिलेलं आहे, कारण लिहिलेलं आहे. खाली सही करायची आहे. दर निवडणुकीला एजंट तिच्या नावावर बोट ठेवेल आणि वाट बघेल. बघू दे.

"करते," मी म्हटलं. "धान निघू द्या."

"बरं ते जाऊ द्या. ताई, तुमचं ते जुनं रजिस्टर आहे का? टोलीवर आता कोण कोण आहे, कोणाचं कोण ऐकते, एवढं पाहिजे. यंदा आपला माणूस चांगला आहे. दारूबंदीचा मुद्दाच घेतला आहे त्यानं."

"रजिस्टर नाही."

"मंग तोंडी सांगा, मी लिहून घेतो." त्यांनी खिशातून पेन काढलं. इकडेतिकडे बघितलं. माझ्यासमोर मापाची वही होती. आता ती पांढऱ्या कागदाची असते. गुलाबी मी त्यानंतर कधी छापली नाही. "त्यातलंच एक पान फाडून द्या ना."

मी वहीवर हात ठेवला.

"कागद नाही," मी म्हटलं.

दिनूभाऊंनी वहीकडे बघितलं. जवळजवळ कोरी, शंभर पानांची वही. मग माझ्याकडे बघितलं. ते हसणार होते, पण हसले नाहीत.

"नाही?"

"नाही."

बाहेर भोंगा येऊन गेला. शेजारी ढाब्यावर कोणीतरी थाळ्या मांडत होतं. दिनूभाऊंनी पेनचं टोपण लावलं, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेले. मी चाक हाताने फिरवलं आणि अर्धी राहिलेली बाही पुढे शिवायला घेतली.